एका कॅसेटवरच्या दोन मैफली

खिदिरपूरच्या बाजारात घेतलेला टू-इन-वन, जपानहून आलेली 'डीप पर्पल'ची रेकॉर्ड आणि पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या हातून घडलेला गुन्हा... भर मैफलीत केलेल्या रेकॉर्डिंगचं वेड लागलं ते असं!

कलकत्त्यात वाढलेल्या मराठी मुलीला कुणी विचारलं, की तुझं बालपण कुठल्या सुरांत गेलं, तर उत्तर ठरलेलं असतं. घरात नाट्यसंगीत, शाळेत रवींद्रसंगीत आणि गल्लीत पूजेच्या मांडवातली हिंदी गाणी. माझंही तसंच होतं. पण या तिन्हींच्या जोडीला आणखी एक सूर होता, आणि तो बोटीनं आला होता.

आम्ही खिदिरपूरला राहायचो. बाबा बंदराच्या कचेरीत नोकरीला. खिदिरपूरची गोदी १८९२ सालची. घराच्या गच्चीवरून क्रेनचे शेंडे दिसायचे आणि रात्री बोटींचे भोंगे ऐकू यायचे. शेजारीच मटियाबुर्ज, जिथं अवधचा नवाब वाजिद अली शाह राज्य गेल्यावर १८५६ मध्ये आला आणि जाईपर्यंत गाणं-बजावणं सांभाळून राहिला. एस्प्लनेडहून मैदानातल्या झाडांमधून डुलत डुलत येणारी ट्राम आमच्या भागात येऊन संपायची. आता ती ट्राम बंद झाली आहे. पण बाहेरगावच्या माणसाला खिदिरपूर ठाऊक असायचं ते वेगळ्याच कारणासाठी. ते म्हणजे फॅन्सी मार्केट!

परदेशी मालाला देशात बंदी किंवा जबर जकात असण्याचे ते दिवस. जपानी घड्याळं, परदेशी सेंट, कॅमेरे, छत्र्या, रेडिओ... जे दुसरीकडे कुठं दिसत नसे ते फॅन्सी मार्केटच्या बोळांत टांगलेलं असायचं. कुठून आलं हे विचारायचं नाही आणि पावती मागायची नाही, हा तिथला शिष्टाचार! १९९१ नंतर बाजार खुला झाला, तीच वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली आणि त्या बोळांतलं गूढ ओसरलं. बाजार मात्र आजही आहे.

१९७८ मध्ये बाबांनी तिथून एक जपानी टू-इन-वन आणला. आईनं आठवडाभर अबोला धरला, कारण ते पैसे कपाटासाठी ठेवलेले होते. बाबांचं म्हणणं एकच, "कपाट काय, कधीही घेता येईल. गाणं निघून जातं."

बाबा गात असत. पेशानं नव्हे, हौसेनं. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणेशोत्सव व्हायचा. तिथं एका संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम ठरलेला. पेटी स्वतःच वाजवायची, तबल्याला एक बँकेतले काका. समोर सतरंजीवर शे-दीडशे मराठी माणसं. १९७९ च्या उत्सवात बाबांनी टू-इन-वन पेटीशेजारी ठेवला आणि आपला कार्यक्रम नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर टिपून घेतला. घरी आल्यावर कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या त्यांनी मोडून टाकल्या. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दबत नाही. म्हणजे चुकूनही कुणी ते पुसू नये!

बोरदाची रेकॉर्ड

आमच्या वरच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब राहायचं. त्यांचा थोरला मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. आम्ही सगळी मुलं त्याला 'बोरदा', म्हणजे मोठा दादा म्हणायचो. १९८१ च्या पूजेच्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा त्यानं जपानच्या कोबे बंदरात घेतलेला एक डबल एलपी बरोबर आणला होता. इंग्लंडच्या 'डीप पर्पल' या रॉक बँडची जपानमधली मैफल. जगभर ती 'मेड इन जपान' या नावानं गाजली. बोरदाची प्रत मात्र खास जपानी होती, आणि तिथं तिचं नाव होतं 'लाइव्ह इन जपान'.

रॉक म्हणजे काय, हे मला तोवर फारसं ठाऊक नव्हतं. कलकत्त्यात ते होतं. पार्क स्ट्रीटच्या रेस्तराँमध्ये बँड वाजायचे. गौतम चट्टोपाध्याय यांच्या 'मोहीनेर घोडागुली'नं १९७५ पासून चक्क बंगालीत रॉक गायला सुरुवात केली होती. पण मराठी घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला पार्क स्ट्रीटला कोण जाऊ देणार? मला ते बोरदाच्या खोलीत भेटलं.

पहिलंच गाणं 'हायवे स्टार'. सुरुवातीला नुसती कुजबुज, ड्रमवर हलका ठेका, वाद्यं जुळवल्याचे आवाज. मग एकेक जण सामील होत जातो आणि पाहता पाहता सगळी खोली भरून जाते. मला नवल वाटलं ते आवाजाचं नाही. बाबांच्या कार्यक्रमात तबला लावताना जशी चुळबुळ चालते, अगदी तशीच चुळबुळ इथं रेकॉर्डवर ठेवली होती!

मला ती रेकॉर्ड हवी होती. बोरदा पंधरा दिवसांत परत बोटीवर जाणार होता. कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. कपाटाऐवजी घेतलेल्या फळीवर कॅसेटींचा डबा होता. त्यात एक नव्वद मिनिटांची कॅसेट सापडली. तिच्यावरची चिठ्ठी गळून पडलेली. मागच्या टिकल्या मोडलेल्या होत्या, हे मला दिसलं होतं. त्याचा अर्थही ठाऊक होता. पण हे रेडिओवरचं काहीतरी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावली.

छत्तीस मिनिटं आणि चाळीस मिनिटं

त्या डबल एलपीच्या चार बाजू मिळून साधारण शहात्तर मिनिटं भरतात. पहिल्या दोन बाजूंची छत्तीस, पुढच्या दोन बाजूंची चाळीस. कॅसेटची एकेक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. म्हणजे दोन्हीकडे थोडी फीत उरते. हा हिशेब तेव्हा मी केला नव्हता. माझं सगळं लक्ष दिव्याकडे होतं. कलकत्त्यातलं लोडशेडिंग त्या वर्षांत कुप्रसिद्ध होतं. मध्येच वीज गेली असती तर रेकॉर्ड प्लेअर थांबला असता. पण त्या दुपारी वीज गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, असं पुढं कितीदा तरी वाटलं.

त्याच रात्री मी खाली कॅसेट लावली. आई स्वयंपाकघरात, बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत. 'द म्यूल'मधलं इयन पेसचं लांबलचक ड्रमवादन संपलं, ओसाका-टोकियोच्या टाळ्या विरल्या, 'खट्' असा आवाज झाला... आणि बाबांचा आवाज आला. नाट्यपदातली एक तान, मागं तबला, मध्येच कुणाचा तरी खोकला आणि "वा!"

बाबा बाहेर आले. दारात उभे राहिले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "याच्या आधीचं कुठं गेलं?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. काय झालं ते तिला एका क्षणात कळलं आणि तिनं हात उगारला. बाबांनी तिला थांबवलं. खुर्ची ओढून ते टू-इन-वनसमोर बसले आणि मला म्हणाले, "माझ्यावर जे चढवलंस, ते तरी ऐकव. पहिल्यापासून."

"हा तर सवाल-जवाब!"

मग आम्ही ते ऐकलं. सगळं. आज चाळीसहून अधिक वर्षांनी सांगते, 'डीप पर्पल' मला समजली ती त्या रात्री, बाबांच्या शेजारी बसून.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन' या गाण्यात एक जागा आहे. रिची ब्लॅकमोर गिटारवर एक लकेर घेतो आणि गायक इयन गिलन ती तशीच्या तशी गळ्यातून काढतो. मग दुसरी, अधिक अवघड. मग तिसरी, त्याहून वरची. असं चढत चढत शेवटी गिलन अशी किंकाळी फोडतो, की समोरचे श्रोते वेडे होतात. बाबा खुर्चीत पुढं सरकले. "अगं, हा तर सवाल-जवाब!"

जॉन लॉर्डचा ऑर्गन ऐकून त्यांनी विचारलं, "ही पेटी अशी गुरगुरते कशी?" बोरदानं मला सांगितलं होतं, ते मी सांगितलं. लॉर्ड हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला माणूस. त्यानं आपला हॅमंड ऑर्गन गिटारसाठी असलेल्या मार्शल अॅम्प्लिफायरला जोडला होता. म्हणून तो पेटीसारखा न वाजता गिटारशी टक्कर देतो. बाबांनी मान डोलावली. पेस यांच्या ड्रमवर त्यांचा शेरा होता, "दमसास आहे पोरात."

'स्पेस ट्रकिन' सुरू झालं. हे गाणं मार्च १९७२ मध्ये आलेल्या 'मशीन हेड' या स्टुडिओतल्या रेकॉर्डवर साडेचार मिनिटांचं आहे. मैफलीत तेच वीस मिनिटं चालतं! बाबांना याचं मुळीच नवल वाटलं नाही. त्यांच्या पिढीनं अब्दुल करीम खाँसाहेब ऐकले ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर. तबकडीत मावतं तेवढं म्हणजे राग नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मैफलीत गवई मोकळा होतो, समोरच्याची दाद घेतो आणि ठरवलेल्या वाटेवरून भलतीकडेच जातो. ते म्हणाले, "ही माणसं समोर बसलेल्यांसाठी वाजवतायत. यंत्रासाठी नाही. यंत्र नुसतं कोपऱ्यात बसून ऐकतंय."

भर मैफलीत केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल पुढं मी पुष्कळ वाचलं. पण याहून नेमकं वाक्य मला कुठं सापडलं नाही.

तीन रात्रींची गोष्ट

त्या रेकॉर्डची हकीकत मोठी गमतीची आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये 'डीप पर्पल' पहिल्यांदा जपानला गेली. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ ला टोकियोचं बुदोकान सभागृह. इकडे आपण स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव साजरा करत होतो, त्याच दिवशी तिकडे हे रेकॉर्डिंग सुरू झालं! मैफलीची रेकॉर्ड काढावी ही मागणी जपानी कंपनीची. बँडला त्यात फारसा रस नव्हता. त्यांनी अट घातली, की आमचा स्वतःचा ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च हवा. आठ ट्रॅकच्या यंत्रावर काम झालं. जॉन लॉर्डच्या सांगण्याप्रमाणे सगळा खर्च अवघा तीन हजार डॉलर. नंतर स्टुडिओत बसून काही भरलं नाही, चुका पुसल्या नाहीत. मिक्सिंगला पाचांपैकी दोघंच आले, पेस आणि बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर.

इंग्लंडमध्ये रेकॉर्ड डिसेंबर १९७२ मध्ये आली आणि रॉकमधल्या उत्तम मैफलींत तिची गणना होऊ लागली. तिच्या इंग्लंडमधल्या वेष्टनावरचे मैफलीचे फोटो मात्र जपानचे नाहीतच, ते लंडनमधले आहेत!

१९९३ मध्ये तीन सीडींचा संच निघाला आणि तिन्ही रात्रींचं जवळजवळ सगळं ऐकायला मिळालं. २०१४ मध्ये आणखी मोठा संच आला. चाहत्यांना पर्वणीच! मूळ रेकॉर्डवरचं 'स्मोक ऑन द वॉटर' पहिल्या रात्रीचं आहे. 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोची. बाकी सारी दुसऱ्या रात्रीची. वाजवणाऱ्यांच्या मते सर्वांत रंगली ती टोकियोची रात्र. पण ओसाकाचं सभागृह रेकॉर्डिंगला अधिक मानवलं, म्हणून रेकॉर्डवर बहुतेक ओसाकाच आहे. सर्वांत चांगली मैफल सर्वांत चांगली टिपली जाईलच असं नाही, हे आपल्याकडच्या रसिकांनाही पटेल.

तीच गाणी, तेच पाच जण, लागोपाठच्या तीन रात्री. तरी एकही रात्र दुसरीसारखी नाही. ब्लॅकमोर रोज वेगळ्या वाटेनं जातो. गाण्यांच्या मधल्या जागेत मंचावरून ध्वनियोजकाला सूचना दिल्या जातात, त्याही ऐकू येतात. सगळंच सगळ्यापेक्षा मोठ्यानं हवं, ही त्यातली गमतीची मागणी इतकी गाजली, की 'मोटरहेड' या बँडनं १९९९ मध्ये आपल्या मैफलीच्या रेकॉर्डला जवळजवळ तेच नाव दिलं.

आणि यातली हुरहूर लावणारी गोष्ट म्हणजे, वर्षही पुरतं उलटलं नाही तोच हे पाच जण फुटले. जून १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले. त्या दौऱ्यातली त्यांची शेवटची मैफल झाली तीही ओसाकातच. पुढं अकरा वर्षांनी ते पुन्हा एकत्र आले, पण विशीतली ती धग १९७२ च्या त्या फितींवरच राहिली.

मुंबईचा आवाज

लग्नानंतर मी मुंबईला आले. एप्रिल १९९५ मध्ये 'डीप पर्पल' मुंबईत आली! तोवर ब्लॅकमोर गेलेला, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स नुकताच आलेला. माझा मुलगा दहा महिन्यांचा आणि तापानं फणफणलेला. मी गेले नाही. पुढं त्या मैफलीचं चित्रीकरण 'बॉम्बे कॉलिंग' या नावानं आलं, तेव्हा घरी बसून पाहिलं. त्यात मी मंचाकडे कमी आणि गर्दीकडे जास्त पाहत होते. ओरडणारी ती मुलं आपली होती. ओसाकातल्या मुलांसारखीच, वाट पाहून पाहून थकलेली.

मग आठवतो आमच्याच कलकत्त्याचा तो बंगाली बँड. 'मोहीनेर घोडागुली'च्या त्या काळातल्या तीन रेकॉर्डी आहेत, १९७७ ते १९७९ मधल्या. १९८१ मध्ये बँड मोडला. गौतम चट्टोपाध्याय १९९९ मध्ये गेले. त्यांच्या मैफलींना गेलेली माणसं आज सत्तरीच्या घरात आहेत आणि भेटली की डोळे मोठे करून सांगतात, काय रंगायचं म्हणून! मी ऐकून घेते. त्यांच्याकडे आठवण आहे, माझ्याकडे ती ऐकायची सोय नाही. कोपऱ्यात बसून ऐकणारं यंत्र असलं की काय उरतं आणि नसलं की काय जातं, ते अशा वेळी कळतं.

उरलेली चौदा मिनिटं

बाबा २००९ मध्ये गेले. त्यांनी नंतरही गाणं केलं, पण स्वतःचं गाणं पुन्हा टिपलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हे खरं. आज त्यांच्या गाण्याचं जे काही आहे, ते त्या कॅसेटवर. पहिल्या बाजूला नऊ मिनिटं, दुसऱ्या बाजूला पाच. शहात्तर मिनिटं मी पुसली, चौदा उरली.

दोन वर्षांपूर्वी ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांच्यासाठी सांगते. आधी मागच्या टिकल्या मोडलेल्या आहेत ना, ते पाहा. नसतील तर मोडा. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट एकदम वाजवू नका. आधी ती एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. टेपचं हेड कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून पुसा. फीत ओली असेल किंवा बुरशी दिसत असेल तर घरी उद्योग न करता जाणकाराकडे द्या. उतरवताना आवाजाची फाइल दाबून लहान केलेली नको, पूर्ण आकाराची ठेवा आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट तरीही टाकू नका. आणि खोकला, कपबशांचा आवाज, मुलांचं रडणं हे 'साफ' करून घेऊ नका. ती माणसं तिथं होती, याचा तेवढाच पुरावा असतो.

उतरवण्याचं काम माझ्या मुलानं केलं. तोच, १९९५ मध्ये तापलेला. कानाला हेडफोन लावून त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "आई, 'डीप पर्पल' तर आता कुठंही चांगल्या आवाजात मिळतं. ते काढून टाकू आणि आजोबांचं तेवढं वेगळं ठेवू?"

मी त्याला कॅसेटवरची चिठ्ठी दाखवली. १९८१ च्या त्या रात्री सगळं ऐकून झाल्यावर बाबांनी मी लावलेली चिकटपट्टी नखानं खरवडून काढली होती. मग नवी चिठ्ठी चिकटवून, आपल्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

'डीप पर्पल, जपान, १९७२. नंतर मी, हाजरा रोड, १९७९.'

मुलानं ते वाचलं आणि काही न कापता फाइल जशीच्या तशी ठेवून दिली.